मापाची बाई

बाई ब्लाऊज टाकायला येते तेव्हा अंगाला टेप लावून घेत नाही. मापाचा ब्लाऊज आणते. "काकू, अगदी असाच शिवा हं," म्हणते. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागं मी चाळीस वर्षं लेडीज टेलरिंगचं दुकान चालवलं. तेवढ्या वर्षांत शंभरातल्या नव्वद बायकांनी आणलेला मापाचा ब्लाऊज दहा वर्षांपूर्वीचा होता. अंगाला आता होत नाही, तरी आणतात. मी कधी कुणाला उलटं बोलले नाही. आतून दोन बोटं कापड जास्त ठेवायचं आणि गप्प बसायचं. एका मास्तरीणबाईंच्या वेळी विसरले, तर त्यांनी फळ्यावरच्या वरच्या ओळीला हात केला आणि हुक असा सुटला की मागच्या बाकावरच्या मुलीचा चष्मा फुटला. खोटं वाटत असेल तर त्या मुलीला विचारा. ती आता डोळ्यांची डॉक्टर आहे.

पण आज सांगते आहे ते खरं आहे. गोष्ट एकेचाळीस सालची. म्हणजे दोन हजार एकेचाळीस. माझ्या आजीच्या वेळचं एकेचाळीस नव्हे.

माझी लेक केतकी. अडतिसाव्या वर्षी कर्करोगानं तिच्या छातीच्या दोन्ही बाजू काढाव्या लागल्या. जीव वाचला, केस परत आले, कॉलेजातली नोकरीही सुरू झाली. पण ती न्हाणीघरात कपडे घालूनच जायची आणि कपडे घालूनच बाहेर यायची. मी तिला ब्लाऊजमध्ये घालायला दोन पिशव्या शिवून दिल्या, आत मोहरी, बाळाच्या उशीत घालतात तशी. वजन येतं, थंडही राहते. एका पावसाळ्यात डावीकडच्या पिशवीला कोंब फुटले आणि आम्ही त्याची भाजी केली. ती हसली. त्या तीन वर्षांत ती हसली म्हणून लक्षात राहिलेला तो एकच दिवस आहे.

मग बायपासवरच्या नव्या कर्करोग केंद्रात डॉक्टर नफीसा पटवेगार आल्या. चौतीस-पस्तिशीची पोरगी, मिरजेचीच, बोलायला आपल्यातली.

"छाती पुन्हा बनवणं आता जुनं झालं, काकू," ती म्हणाली. "पोटाची चरबी घ्यायची, तिच्याच पेशींपासून थोडं मांस वाढवायचं, दिसायला उत्तम होते. पण पहिल्या ऑपरेशनात बरगड्यांमधून येणाऱ्या नसा कापल्या गेलेल्या असतात. त्यामुळे नव्या छातीला काही कळत नाही. बायका म्हणतात, उशी बांधल्यासारखं वाटतं. आम्ही आता कातडीखाली एक पडदा घालतो. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यावर हजारो बारीक ठिपके असतात. दाब, गरम, थंड त्या ठिपक्यांना कळतं आणि ते कापलेल्या नसांना सांगतात. नस रोज एक मिलिमीटर वाढते. वाढत वाढत पडद्याला येऊन मिळते."

"म्हणजे अस्तर," मी म्हटलं. "वरचं कापड कसंही असो, अंगाला काय लागायचं ते अस्तर ठरवतं."

डॉक्टरला शब्द इतका आवडला की दवाखान्यात सगळे अस्तरच म्हणायला लागले.

"पण एक अडचण आहे," ती म्हणाली. "नसेतून वीज गेली एवढं मशीनला दिसतं. ती वीज म्हणजे चटका की कोमट, हवंसं की नकोसं, ते दिसत नाही. दुखणं मोजायचा काटा अजून कुणी काढलेला नाही. माणूस सांगेल तेच माप. एक छाती शिल्लक असली तर तिच्यावरून नकाशा काढतो. केतकीच्या दोन्ही गेल्यात. मग रक्ताच्या नात्यातली बाई लागते. तिला स्पर्श करून विचारायचं, काय वाटतं? तिच्या नसा काय बोलतात आणि ती तोंडानं काय बोलते, याच्या जोड्या लावायच्या. तो नकाशा केतकीच्या अस्तरात भरायचा."

"म्हणजे मापाचा ब्लाऊज."

"मापाची बाई," डॉक्टर हसून म्हणाली. "येता का?"

मी काय, एका पायावर तयार.

सहा बैठका झाल्या. छातीवर चिकटपट्ट्या लावायच्या आणि खुर्चीत पडून राहायचं. मशीनचा एक हात खाली यायचा, कधी टोचायचा, कधी तापवायचा, कधी नुसता टेकायचा. आणि कानाशी एका बाईचा आवाज यायचा, "आपल्याला आता काय जाणवतंय? कृपया शून्य ते दहामध्ये सांगा." आवाज पुण्याचा होता. 'कृपया' असं म्हणायची जसं काही मी तिच्या दारात उभी राहून वर्गणी मागत होते.

पहिल्याच बैठकीत सुई टोचली. टोचली म्हणजे चांगलीच.

"काही नाही," मी म्हटलं. "शून्य."

चटका दिला. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"छे! याहून गरम तर आमचा चहा असतो. एक."

आता तुम्ही विचाराल, बाई, असं का केलंस? मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, गंमत. पुण्याच्या आवाजापुढं मिरजेच्या बाईनं कण्हायचं होय? शिवाय पडद्याआड डॉक्टर बसली होती. तिला वाटू दे की म्हातारी कणखर आहे. इस्त्रीनं दोनदा भाजले, बाळंतपणात सव्वीस तास काढले, कुणी विचारलं की मी म्हणायची, काही नाही. तोंडातून दुसरं काही येतच नव्हतं. पाच बैठका मी अशी जिंकत गेले.

सहाव्या बैठकीत मशीननं ब्रश आणला. इतका मऊ ब्रश मी आयुष्यात बघितला नव्हता. तो हळूच फिरायला लागला. माझा नवरा जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत माझ्या छातीला साबण सोडून कुणी हात लावला नव्हता. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पडद्याआड डॉक्टर होती, काचेबाहेर लेक बसली होती, आणि मी सदुसष्ट वर्षांची बाई.

"आपल्याला आता काय जाणवतंय?" आवाज म्हणाला.

"शी! काहीतरीच! बंद करा ते. नकोसं वाटतंय."

"कृपया, दहापैकी किती नकोसं?"

"दहा!"

"नोंद घेतली. धन्यवाद."

ऑपरेशन उत्तम झालं. दीड महिन्यानं केतकीनं पहिल्यांदा मला न्हाणीघराच्या दारातून हाक मारली, "आई, बघ की." ती आरशापुढं उभी होती, टॉवेल कमरेला. मला मुलगी झाली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

अस्तर पहिले नऊ महिने कच्च्या शिलाईत असतं. नसा त्यात वाढत असतात, शिकत असतात, तोवर उसवता येतं. नऊ महिन्यांनी पक्की शिलाई होते. मग जे बसलं ते जन्माचं. तिसऱ्या महिन्यात केतकीला पहिल्यांदा कळायला लागलं. "काहीतरी होतंय गं तिथं," ती म्हणाली. आम्ही पेढे वाटले. कशाचे ते मार्केटात सांगितलं नाही. केतकीला बढती मिळाली असं मी सांगितलं आणि दोन महिन्यांनी ती खरंच मिळाली.

पाचव्या महिन्यात नात दुकानात आली. रेवा, सात वर्षांची. बटणांच्या डब्यात हात घालून बसली आणि बटणांकडं बघतच म्हणाली, "आज्जी, आई मला ढकलते."

"कधी गं?"

"मी मिठी मारली की. मग सॉरी म्हणते. मग मी परत मारते. मग परत ढकलते."

"अगं, ऑपरेशन झालंय ना तिचं. दुखत असेल."

"दुखत नाही. मी विचारलं. ती असं तोंड करते." आणि रेवानं तोंड करून दाखवलं. वाटीतल्या दुधात माशी दिसल्यावर करतो तसं.

मला काहीतरी आठवलं. मी ते तिथल्या तिथं दडपलं आणि मशीनवर जोरात पाय मारला.

केतकी आठवड्यानं आली. दुकानात कुणी नव्हतं. ती कापायच्या टेबलापाशी उभी राहिली आणि खडूनं टेबलावरच रेघा ओढायला लागली.

"आई, मला तुषारचा हात नकोसा वाटतो."

तुषार माझा जावई. शांत, जरा वेंधळा. आजारपणात तिच्या उलट्या त्यानं ओंजळीत झेललेल्या आहेत.

"भांडलात?"

"नाही गं. आधी काही कळत नव्हतं तेव्हा बरं होतं. आता कळतं, आणि... किळस येते. त्याची येते, एक वेळ ठीक. पोरीची पण येते. स्वतःच्या पोरीची!" खडू मोडला. "तो आता बाहेरच्या खोलीत झोपतो. काही बोलत नाही. मीच म्हटलं, पाठ दुखते, एकटीला पलंग लागतो."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"काय सांगू? दर महिन्याला फोनवर प्रश्न येतात. कपड्यांत कशी दिसते? खूप समाधानी. कपड्यांशिवाय? खूप समाधानी. स्पर्शाबद्दल? तिथं पण मी खूप समाधानीच लिहिते. ती पोरगी इतकी राबली, तू सहा बैठका बसलीस. काय लिहू? शरीर चांगलं झालं, बाई बिघडली?"

मी म्हटलं, "होईल गं हळूहळू." हे वाक्य मी गिऱ्हाइकाला ब्लाऊज कुठं काचला की म्हणते.

सातव्या महिन्यात माझ्या मनात आलं, तिला एक ब्लाऊज शिवावा. मोहरीविना पहिला. गर्द जांभळ्या खणाचा. एका रविवारी सकाळी घालून बघायला बोलावलं. तिनं आधीचा काढला, आणि माझ्या तोंडातली टाचणी खाली पडली.

डाव्या बाजूला तळव्याएवढी कातडी लाल झाली होती. तिच्यावर तीन फोड, मोठ्या जांभळाएवढे, एक फुटलेला.

"हे काय गं?"

तिनं खाली बघितलं. "कुठं काय?"

"केतकी, हे भाजलंय!"

ती बघतच राहिली. बोट लावलं, दाबलं. माझ्या अंगावर काटा आला, तिच्या नाही. "काही नाही कळत मला," ती म्हणाली. "काल खांदा धरला होता म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. तूच भरून दिली होतीस."

भरताना पिशवी माझ्या हाताला चांगली गरम लागली होती. तिनं ती छातीशी धरून अख्खा पिक्चर बघितला होता.

सोमवारी डॉक्टरनं तपासलं. फोडावर मलम लावलं, अस्तराला तारा जोडल्या, मशीनच्या पडद्यावरच्या रेघा बघत बसली. तिचं तोंड उतरत गेलं.

"चटका बसला तेव्हा अस्तरानं नसेला काय सांगितलं माहीत आहे? काही नाही. आणि मऊ कापड लावलं की सांगतंय, दूर हो." ती आमच्याकडं वळली. "केतकी, शरीर हे अस्तर नाकारतंय बहुतेक. असं क्वचित होतं. ठेवलं तर नस सुजेल, सूज बरगडीत जाईल. गुरुवारी काढून टाकू या."

"काढल्यावर परत बसवता येईल?" केतकीनं विचारलं.

"नाही. काढताना नसांची टोकं तुटतात. छाती राहील. कळणार मात्र नाही, कधीच."

केतकीनं मान हलवली. तिनं मान हलवली की मला भीती वाटते. ती भांडते तेव्हा बरी असते.

"नकाशात चूक नसेल ना?" तिनं विचारलं.

"तोच आधी बघितला. काकूंचं माप इतकं एकसारखं आहे की मी ते दुसऱ्या डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवते. काही बायकांना गरम कमी लागतं, तेवढं मी धरलं होतं." मग डॉक्टर माझ्याकडं वळली. "काकू, मशीनचा चटका तुम्हाला खरंच लागला नव्हता ना?"

केतकी माझ्याकडं बघत होती. मी आजवर लोकांना सांगितलंय की आमच्या विहिरीतलं कासव रेडिओ ऐकायचं, माझ्या सासऱ्यांनी पतंगाच्या मांज्यानं रेल्वे थांबवली. तेव्हा जीभ कधी अडखळली नाही. त्या दिवशीही अडखळली नाही.

"छे!" मी म्हटलं.

सोमवार ते गुरुवार म्हणजे तीन दिवस. मंगळवारी मी एकाच साडीला तीनदा फॉल लावला आणि तीनदा उसवला. स्वतःशी हिशेब मांडत होते. डॉक्टर शिकलेली आहे, ती म्हणते नाकारलं तर नाकारलंच असेल. माझ्या बोलण्यानं काय होतंय? आणि मग रेवानं केलेलं ते तोंड डोळ्यांपुढं यायचं. ते तोंड केतकीचं नव्हतंच. सहाव्या बैठकीत काचेत बघितलेलं ते माझं तोंड होतं.

बुधवारी सकाळी तिच्या घरी गेले. ती रेवाची वेणी घालत होती, हात लांब ठेवून, पोरगी अंगाला लागणार नाही अशा बेतानं. कोपऱ्यात दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली.

"केतू, हे माझ्यामुळं झालंय."

"काय?"

"मी मशीनला खोटं सांगितलं. चटका लागत होता. मी नाही म्हटलं."

ती थांबली. मग वेणीचा पुढचा पेड घेतला. "आई, मोहरीची भाजी झाली, आता हे नको. मला बरं वाटावं म्हणून नको सांगू काही."

"थाप नाही गं."

"आज नको." तिनं रिबन आवळली. "माझ्याच अंगाला काही नकोय. माणसं नकोत, अस्तर नको. माझ्यातच काहीतरी गेलंय, ते मी मान्य केलंय. तू आता त्याची गोष्ट करू नकोस."

मी चप्पल घातली आणि रिक्षा करून बायपासला गेले. डॉक्टरच्या दारात दोन तास बसले. आत गेल्यावर बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. सुईचं सांगितलं, चहाचं सांगितलं. ब्रशचं सांगताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत सांगितलं.

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकू, मी सोमवारी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"उद्या सकाळी आठ वाजता मी कापणार होते."

मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "एवढं एकसारखं माप आलं तेव्हाच शंका यायला हवी होती. माणूस इतका एकसारखा नसतो." मग तिनं फोन उचलला आणि केतकीला बोलावून घेतलं.

बैठकांचं सगळं बोलणं साठवलेलं होतं. डॉक्टरनं लावलं. खोलीत माझा आवाज आला, "काही नाही. शून्य." मग, "छे! याहून गरम तर आमचा चहा असतो." रेघेत माझी नस किती उसळली होती ते डॉक्टर बोट ठेवून दाखवत होती. केतकी हाताची घडी घालून ऐकत होती. मग ब्रश आला. "शी! काहीतरीच! बंद करा ते."

"परत लावा," केतकी म्हणाली.

परत लागलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे रेवा जवळ आली की मला जे होतं ना, ते हे आहे?"

"केतू..."

"तुषार तीन महिने बाहेर झोपतोय, आई! मी रोज सकाळी उठून विचार करते की मी कसली आई, कसली बायको. माझं मनच मेलंय असं मला वाटत होतं. आणि ती तू होतीस? तू माझ्या अंगात बसून शी म्हणत होतीस?"

मी खुर्चीचा हात धरला.

"खरंच किळस आली होती तुला?" तिनं विचारलं.

डॉक्टर खिडकीकडं वळली. भली पोरगी आहे.

"नाही," मी म्हटलं.

"मग काय वाटलं होतं?"

"बरं."

"किती?"

"पुष्कळ." माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. "तुझे बाबा आठवले."

केतकीनं हाताची घडी सोडली. "तेवढंच सांगायचं होतं की गं," ती म्हणाली.

गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरनं दोन वाटा सांगितल्या. पहिली, मी पुन्हा सहा बैठका बसायच्या, खरं सांगायचं आणि नवा नकाशा भरायचा. वाट ठाऊक आहे, धोका कमी. दुसरी, अस्तर पुसून कोरं करायचं आणि केतकीनं स्वतः शिकवायचं. काय लागलं, कसं लागलं, हे तिनं आपल्या शब्दांत सांगायचं, रोज. पण नऊ महिन्यांतले दहाच आठवडे उरले होते. तेवढ्यात किती येईल सांगता येत नाही. निम्मं येईल, पाव येईल, काहीच येणार नाही. दहा आठवडे संपले की शिलाई पक्की.

"मी आजच बसते," मी म्हटलं. "देवाशपथ खरं सांगते. चटका म्हणजे चटका, ब्रश म्हणजे ब्रश."

"सांगशील गं," केतकी म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "पण ते तुझं खरं. मला दुसऱ्याच्या मापाचं नको आता. पुसा, डॉक्टर."

"पाव पण आलं नाही तर?" मी मध्येच बोलले.

"तर माझं नाही आलं."

पुसल्यावर सगळं परत उशीसारखं झालं. पुढचे आठवडे मी कसे काढले ते विचारू नका. केतकी रोज कॉलेज सुटल्यावर बायपासला जायची. मी सोबत जायची, पण खोलीत मला मज्जाव. काचेबाहेर बाक. आत मशीनचा हात खाली यायचा. केतकीचे ओठ हलायचे. पहिल्यांदा एखादाच शब्द हलायचा, पुढं पुढं ती बराच वेळ बोलायची. एकदा हसली. एकदा डोळे पुसले. काच जाड होती.

"काय सांगितलंस आज?" ती बाहेर आली की मी विचारायची.

"तुला कशाला सांगू?"

"अगं, नुसतं विचारलं. कळतंय का काही?"

"कळलं की कळेल."

चौथा आठवडा गेला, पाचवा गेला. डॉक्टर मान डोलवायची, म्हणजे काय ते समजायचं नाही. तुषार अजून बाहेरच्या खोलीतच होता, पण आता दार उघडं असायचं, असं रेवा म्हणाली. मार्केटातल्या बायका विचारायच्या, "हेमाकाकू, लेक कशी आहे?" माझ्याकडं सांगायला काहीच नसायचं. खोटंसुद्धा सुचायचं नाही. काचेच्या आत ती काय बोलली हे मला आजही माहीत नाही. ती कधी सांगेल असंही वाटत नाही.

सातव्या आठवड्यातली गोष्ट. बैठक संपवून आम्ही परत येत होतो. गांधी चौकाच्या अलीकडं कसल्या तरी केबलसाठी रस्ता खणून ठेवला होता. रिक्षावाला वीस-पंचवीस वर्षांचा, घाईत होता. पहिल्याच खड्ड्यात रिक्षा अशी आदळली की माझी कवळी वाजली.

"अहो दादा, हळू!" केतकी एकदम ओरडली. "लागतंय मला!"

मी तिच्याकडं वळले. तिनं हात डाव्या बाजूवर घट्ट धरला होता. डोळे मोठे झाले होते.

"कुठं लागलं, ताई?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"छातीला," ती म्हणाली. दोन्हीकडच्या दुकानांत ऐकू जाईल अशा आवाजात. "डाव्या."

बिचाऱ्यानं आरसा वर फिरवला आणि पुढं अशी रिक्षा चालवली की सायकलवाले आम्हाला मागं टाकून गेले. उजवी बाजू तेव्हा गप्पच होती. तीन आठवडे उरले होते, ती बोलेल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. पण चौकापासून घरापर्यंत अकरा खड्डे होते, आणि दर खड्ड्याला केतकी हात धरून म्हणत होती, "आई गं!"

ती मला हाक मारत नव्हती, ते मला कळत होतं. तरी दर वेळी मी ओ दिली.